राष्ट्राध्यक्षांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाला बेल धावला, पण मशीन वेगळंच काहीतरी सांगत होतं

मॉलच्या दारात वॉचमन तुमच्या अंगावरून ती काळी दांडी फिरवतो. खिशात किल्ल्या असल्या की कुंई आवाज येतो. या दांडीच्या खापरपणजोबाची गोष्ट अमेरिकेच्या व्हाइट हाऊसमध्ये घडली. आणि ते यंत्र घेऊन तिथे गेलेला माणूस होता अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. तोच, टेलिफोनवाला.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा. घरात आवाजाचंच वातावरण. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक आणि आईला मात्र जवळपास ऐकूच यायचं नाही. पोरगं आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात बोलायचं, ते तिला समजायचं. पुढे क्षयाने दोन्ही भाऊ गेले. उरलेला एकुलता एक मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी १८७० मध्ये कॅनडा गाठलं. तिथून बेल बॉस्टनला गेला आणि कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. त्यातलीच एक विद्यार्थिनी, मेबल हबर्ड, पुढे त्याची बायको झाली.

१८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून इथे थांबत नाही. आपल्याला हवी आहे ती टेलिफोनची डोकेदुखी.

झालं असं की टेलिफोनच्या तारेशेजारून टेलिग्राफची तार गेली की फोनमध्ये नुसती खरखर यायची. शेजारच्या तारेतला प्रवाह चढ-उतार झाला की या तारेतही वीज उमटायची. बेलने त्यावर तोडगा शोधला. दोन गुंडाळ्या अशा बसवायच्या की एकीतला गोंगाट दुसरीतल्या गोंगाटाला खोडून काढेल. जमलं की फोन शांत. पण अशा जुळवलेल्या शांततेत एखादा धातूचा तुकडा जवळ आणला, की तोल बिघडायचा आणि पुन्हा आवाज सुरू व्हायचा. त्या वेळी हे निरीक्षण तसंच राहून गेलं.

२ जुलै १८८१. राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना खुर्चीत बसून चार महिनेही झाले नव्हते. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक हाताला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली आणि हरवली. एक्स-रेचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. गोळी शोधायची म्हणजे जखमेत बोटं नाहीतर सळई घालायची, आणि तीही न धुतलेली. डॉक्टरांनी तेच केलं, पुन्हा पुन्हा.

बेलने बातमी वाचली आणि त्याला ती जुनी खरखर आठवली. सहकारी समनर टेंटरला घेऊन तो कामाला लागला. मेबलला दिवस गेले होते, तरी तिला मागे ठेवून तो वॉशिंग्टनला आला. मांसाच्या तुकड्यात गोळ्या लपवून, अंगात जुनी गोळी असलेल्या माजी सैनिकांवर कॉइल फिरवून, त्याने यंत्र जुळवत आणलं.

वापरायची पद्धत अशी. दोन चपट्या कॉइल एकमेकींवर थोड्या सरकवायच्या. कानाला टेलिफोन. आवाज अगदी संपेल तिथे थांबायचं. मग ती जोडी अंगावरून फिरवायची आणि आवाज परत कुठे येतो ते ऐकायचं. मेटल डिटेक्टर वापरणारे आजही वेगळं काही करत नाहीत. आधी जमिनीवर कॉइल वर-खाली करून मशीनला मातीचा आवाज विसरायला लावतात, कारण मातीतली लोहयुक्त खनिजंही त्याला धातूसारखीच भासतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही लोहखनिजं असतात. वर विजेच्या तारा असतील, तर संवेदनशीलता कमी करतात किंवा फ्रिक्वेन्सी बदलतात.

२६ जुलैला व्हाइट हाऊसमध्ये पहिली चाचणी झाली. फोनमध्ये नुसती तडतड. नंतर कळलं की घाईत एक कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. बेलला काय वाटलं असेल विचार करा. सगळ्या देशाचं लक्ष त्याच्याकडे आणि चूक जोडणीची!

१ ऑगस्टला तो परत आला. या वेळी यंत्र ठीक होतं. उजव्या बाजूला, डॉक्टरांना गोळी वाटत होती तिथेच, मंद आवाज आला. पण तो एका ठिपक्यावर नव्हता, बऱ्याच मोठ्या भागात पसरला होता. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस खूश झाले, त्यांचाच अंदाज खरा ठरला म्हणून. बेल मात्र अस्वस्थ. दुसऱ्या दिवशी त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की गादीखाली पोलादी तारांची जाळी आहे. जवळ धातू असू नये हे त्याने आधीच बजावलं होतं.

पलंगाने बेलला फसवलं, ही गोष्ट इथेच संपवतात. पण गंमत अशी की खुद्द बेलला ते पूर्ण पटलं नव्हतं. त्याने तशीच गादी मागवून तपासली, आणि आवाज फक्त काही भागातच येत होता म्हणजे जाळीने फार बिघडवलं नसावं, असं नंतरच्या निबंधात नोंदवलं. आमच्या मते मोठी चूक वेगळीच होती. ब्लिस यांनी शोध फक्त उजव्या बाजूला करू दिला.

दरम्यान १५ ऑगस्टला बेलच्या घरी वेळेआधी मुलगा जन्मला आणि त्याच दिवशी गेला. त्याचं नाव एडवर्ड ठेवलं होतं, बेलच्या गेलेल्या एका भावाचं नाव. दुःखातही बेलने यंत्रावरचं काम सोडलं नाही.

गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली, मणक्याच्या डाव्या बाजूला, स्वादुपिंडाच्या मागे. यंत्र जिथे फिरलंच नव्हतं तिथे, आणि बरीच खोल. जीव घेतला तो जखमेतल्या संसर्गाने.

त्यानंतर बेलने टोकदार सुई टेलिफोनला जोडून आणखी एक यंत्र केलं. सुई गोळीला टेकली की कानात टिक. पुढे एक्स-रे आला आणि ही यंत्रं मागे पडली. कॉइल जुळवायचं तत्त्व मात्र दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायच्या कामी आलं.

बेलचा मृत्यू २ ऑगस्ट १९२२ ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात झाला. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते.