पंचवीसास एक

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर गेल्या पावसाळ्यापासून एक मोटार उभी आहे. लांबी साधारण एक वीत. १९४१ सालची प्लायमाउथ, दोन दारांची, उतरत्या पाठीची. खऱ्या गाडीच्या पंचवीसाव्या हिश्श्याने केलेली. मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा कपड्यांच्या घड्यांत एक खोका घेऊन आला. त्यात मोटार नव्हती, मोटारीचे सुटे भाग होते. प्लास्टिकच्या चौकटींना चिंचा लगडाव्यात तसे लगडलेले. इंजिनाची दोन अर्धुकं, सीट, स्टिअरिंग, चांदीसारखा मुलामा दिलेले बंपर, चार टायर आणि घडी घातलेला एक कागद. मुलाचं म्हणणं असं पडलं की बाबांनी आता कादंबरी सोडून हे जोडावं, निदान पुरं तरी होईल. माझी शेवटची कादंबरी सात वर्षं अर्धवट पडली आहे. टोमणा मला कळला.

डेट्रॉइटजवळच्या एएमटी नावाच्या कंपनीने १९४८ पासून अशा छोट्या गाड्या मोटार विक्रेत्यांसाठी बनवायला घेतल्या. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीचा आकार आणि रंग दाखवायला त्या उपयोगी पडत. पुढे त्याच गाड्या सुट्या भागांत खोक्यात भरून पोरांना विकल्या जाऊ लागल्या. त्यातली एक निगडीच्या प्राधिकरणात, बँकेतून निवृत्त झालेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हाती पडली.

पहिला रंग मी भर जुलैत दिला. स्पेअर पार्टच्या दुकानातून फवाऱ्याचा डबा आणला, गच्चीत उभा राहिलो आणि एका दमात सगळी बॉडी लाल करून टाकली. संध्याकाळी पाहतो तो दारांवरून रंगाचे ओघळ आणि टपावर पांढुरकी साय. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. पिंपरीच्या एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांनी गाडी उन्हाकडे धरली, मान हलवली आणि मला ब्रेक ऑइल आणायला पिटाळलं. रात्रभर त्यात बुडवून ठेवल्यावर जुन्या टूथब्रशने सगळा रंग निघून आला. मग कोरडा दिवस पाहून आधी प्रायमर, त्यावर बारीक वॉटर पेपर, मग रंगाचे चार पातळ हात, प्रत्येक हाताला पुरता वेळ देऊन. हे सगळं त्यांच्या देखरेखीखाली. गाडी उभी राहिली तेव्हा त्यांनी सहज विचारलं की भाग अमेरिकेतून आले, रंग मी सांगितला, जोडली तुम्ही. मग ही गाडी बनवली कुणी?

हाच प्रश्न कुर्ल्याच्या एका कारखान्याला फार वर्षांपूर्वी विचारला गेला होता. तिथेही प्लायमाउथच जोडली जात होती, खऱ्या मापाची. डॉज आणि डिसोटोही. भाग अमेरिकेहून लाकडी खोक्यांतून बोटीने यायचे. कारखाना वालचंद हिराचंदांचा.

वालचंदांचं नाव आमच्या पिढीला शाळेत कळलं ते वालचंदनगरमुळे आणि सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे. माझी ओळख त्याही आधीची, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावावरून उसाचे फार्गो ट्रक जायचे आणि आम्ही मागे धावून ऊस ओढायचो. ते ट्रक कुर्ल्याहून आलेले असत आणि ऊस निघालेला असे तो बहुधा त्यांच्याच साखर कारखान्याकडे.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती जैन, दोशी. धंदा सावकारीचा आणि कापसाचा. मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन अशी दोन कॉलेजं त्यांनी पाहिली, पदवी घेतली नाही. वडिलोपार्जित धंद्यात जीव रमेना. मग लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून भेटले आणि दोघांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट धरलं. सावकाराचा मुलगा आणि ब्राह्मण कारकून, अशी ही फाटक-वालचंद जोडी. एकाकडे भांडवल, दुसऱ्याकडे कामाची माहिती. कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात ज्याची हयात गेली त्या माझ्यासारख्याला यापेक्षा बरी भागीदारी सुचणार नाही. पुढे बोरघाटाचे बोगदे आणि तानशाहून मुंबईला आणलेले पाण्याचे नळ अशी कामं त्यांच्या हाताखालून गेली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

पण कंत्राटदार म्हणूनच ते राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी मंडळींबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडून एक जुनी बोट विकत घेतली. बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिकची, महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेली. नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रज कंपन्यांनी दर पाडून तिला जेरीस आणलं, १९२३ मध्ये त्यांच्याशी तहही करावा लागला. सिंदिया बुडाली मात्र नाही. जुनी बोट विकत घेणारा हा माणूस पुढे विशाखापट्टणमला बोटी बांधायचा कारखानाच काढून बसला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली, युद्धाने काम रखडलं, आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी जलउषा पाण्यात सोडली.

त्यांची रीत ही अशी. आधी तयार वस्तू आणायची, चालवायची, उघडून पाहायची, मग ती इथे करायला घ्यायची. विमानांचंही तेच झालं. मोटारीच्या बोलण्यांसाठी १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाची गाठ पडली आणि वर्षभराने, २३ डिसेंबर १९४० ला, म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. तिथे पहिली हार्लो विमानं उडाली ती अमेरिकेहून आणलेले भाग जोडूनच. १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आजच्या एचएएलचा उगम तिथला.

मोटारीचा कारखाना मात्र त्यांना सगळ्यांत जास्त रडवून गेला. मूळ आराखडा विश्वेश्वरय्यांचा. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने त्याला अनुकूलता दाखवली होती. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांशीही वालचंदांची बोलणी फिसकटली. क्रायस्लर तयार झाली, १९४० मध्ये करार झाला. मग दिल्ली आडवी आली. मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, असं इंग्रज सरकारचं मत पडलं. ज्या युद्धात रस्तोरस्ती लष्करी ट्रक धावत होते त्याविषयी हे मत, हे लक्षात घ्यावं. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी व्हायला १९४४ उजाडलं आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७. म्हणजे करारापासून सात वर्षं.

आणि गाड्या निघाल्या तेव्हा लोक म्हणू लागले की ही तर नुसती जोडणी. इंजिन क्रायस्लरचं, पत्रा क्रायस्लरचा, वालचंदांचा फक्त पाना. आरोप अगदीच खोटा नव्हता. माझ्या प्लायमाउथमुळे मला एक गंमत कळली. परदेशी पाठवायच्या गाड्यांत क्रायस्लर बव्हंशी प्लायमाउथचाच सांगाडा वापरी, पुढची जाळी आणि नावाची पट्टी बदलली की तिची डॉज किंवा डिसोटो होई. टेबलावर बसून मीही जाळी बदलून तेवढं करू शकतो. पण जोडणारा कारखाना पुढे काय करतो हे पाहायला हवं. कुर्ल्याने दोनेक वर्षांत एकेक सुटा भाग स्वतः बनवायला सुरुवात केली. जोडताना कुठला भाग कुठे बसतो, किती घट्ट बसतो, कशाने सैल होतो हे हाताला कळतं. इंजिनाची दोन अर्धुकं मी पहिल्यांदा चिकटवली तेव्हा सोल्यूशन जास्त झालं आणि प्लास्टिक विरघळून कड बसली नाही. दुसऱ्यांदा काडीच्या टोकावर थेंब घेतला. कागदावर हे लिहिलेलं होतंच, पण कागद वाचून ते कळलं नव्हतं.

इथे मला एक जुनी फाइल उघडायला हवी. १९९४ साली मी भोसरी औद्योगिक वसाहतीजवळच्या एका शाखेत कर्ज अधिकारी होतो. बँकेचं नाव राहू द्या. वायपरच्या मोटारी जोडणारा एक तरुण माझ्याकडे आला. भाग दिल्लीहून आणायचा, शेडमध्ये सहा मुलांकडून जोडून घ्यायचा. धंदा बरा चालला होता, खेळत्या भांडवलाचा हिशेब चोख. त्याला आता मुदत कर्ज हवं होतं, एक लेथ आणि एक प्रेस घ्यायला. गिअर आणि आतला आर्मेचर तो स्वतः करणार होता. मी त्याला विचारलं की बाजारात मिळतो तो भाग करत बसायचं कशाला. तो म्हणाला की दिल्लीवाल्याच्या गिअरचे दात सहा महिन्यांत का झिजतात ते त्याला कळलं आहे. मला त्यात तारण दिसलं नाही. जोडणीचा धंदा, उत्पादनाचा अनुभव नाही, असा शेरा मारून मी प्रस्ताव परत पाठवला. शेरा नियमाला धरून होता. तीन वर्षांनी त्या रस्त्याने गेलो तेव्हा शेडवर दुसरीच पाटी होती. कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. नंतर बढती मिळाली, बदली झाली. तो तरुण आता साठीच्या आसपास असेल.

तेव्हा बँकेच्या खुर्चीतून वालचंदांकडे पाहायचं तर मीही त्यांना नकारच दिला असता, हे कबूल करतो. एक काम पुरं व्हायच्या आत दुसऱ्याचा पाया खणायचा, आणि मदतीसाठी सरकारच्या दारात उभं राहून त्याच सरकारशी भांडायचं. रावळगावची ओसाड जमीन घेऊन ऊस लावला, तिथेच पुढे गोळ्या-चॉकलेटं काढली. इकडे कळंबला वालचंदनगर वसवलं. विमानं हातची गेली, बोटींचा कारखाना १९५२ मध्ये बहुतांशी सरकारकडे गेला. ताळेबंद पाहणाऱ्याला हा माणूस पसाऱ्याचा वाटतो आणि तो तसा होताही. वालचंदनगरच्या कारखान्यात मात्र पुढे साखरेच्या यंत्रांपासून अवकाश संशोधनाच्या अग्निबाणांपर्यंतचे भाग होऊ लागले.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामकाज सोडलं. पत्नी कस्तुरबाईंनी शुश्रूषा केली. मूल नव्हतं, व्याप भावांकडे गेला. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला त्यांचा अंत झाला.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना इथे भाग बनवायचे नाहीत, नुसत्या गाड्या जोडायच्या आहेत, त्यांनी गाशा गुंडाळावा असा त्याचा मथितार्थ. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. ती गेली, फोर्डही गेली. पंधरा वर्षांपूर्वी वालचंदांशी ज्यांचं जमलं नाही, नेमके तेच दोघे. कुर्ला टिकलं, कारण तिथे भाग होत होते. १९५४ पासून तिथे फियाट ११०० निघू लागली, पुढे तिचीच पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. वालचंदांना हे पाहायला मिळालं नाही.

आमच्या पट्ट्यात या गोष्टीचे धागे अजून सापडतात. चिंचवडच्या रस्त्यावर प्रीमियरचा यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. २००९ मध्ये त्या कंपनीने रिओ नावाची छोटी गाडी आणली, ती चिनी भाग आणून जोडलेली. साठ वर्षांनी गाडं फिरून तिथेच. ही गाडी चालली नाही. त्याच सुमारास जनरल मोटर्स तळेगावला आली आणि २०२० च्या अखेरीस तिथलं उत्पादन बंद करून परत गेली. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडली जाऊ लागली, २००९ पासून ती चाकणला जोडली जाते. आणि क्रायस्लर? ती २०१४ मध्ये फियाटमध्येच विलीन झाली. वालचंदांच्या कंपनीचे दोन्ही जुने सोबती एका छताखाली आले. त्यांच्या जीप गाड्या रांजणगावला तयार होतात. त्यातली रँग्लर २०२१ पासून सुटे भाग आणून जोडतात.

माझ्या गाडीचं एक चाक राहिलं होतं. मुलामा दिलेल्या चार चकत्यांपैकी एक कापताना उडाली आणि कुठे गेली ते घरभर झाडूनही सापडलं नाही. व्यास दहा मिलिमीटर. खालचे गृहस्थ म्हणाले, भोसरीत करून मिळेल. मी उरलेल्यांपैकी एक नमुना खिशात घालून गेलो. इतक्या वर्षांनी त्या वसाहतीत शिरताना पाय जड झाले होते. एका गाळ्यात लेथवर बाविशी-तेविशीचा मुलगा होता. त्याने चकती बोटांत फिरवून पाहिली, व्हर्निअर लावला आणि किती नग म्हणून विचारलं. एकच, म्हटल्यावर हसला. मशीन सेट करायलाच अर्धा तास जातो, तेव्हा पाच करून देतो, म्हणाला. ॲल्युमिनियमच्या कांबीतून त्याने पाचही काढल्या. पैसे घेतले, तेही नीट सांगून.

चारही चाकांना मी त्याच लावल्या. अमेरिकेहून आलेल्या तीन आणि भोसरीची एक टेबलाच्या खणात आहेत.