विश्वाचा आरंभ शोधणारे फादर लमेत्र

महास्फोटाच्या सिद्धान्ताचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्याचा पाया घालणारा शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता, हे फार थोड्यांना माहीत असते.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरवा येथे झाला. शालेय शिक्षण येशूसंघीयांकडे झाले. लुव्हेन विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत असताना १९१४ साली महायुद्ध पेटले. ते तोफखान्यात लढले व शौर्यपदकाचे मानकरी ठरले. युद्धानंतर त्यांनी गणित व भौतिकशास्त्राचा अभ्यास केला आणि मग सेमिनरीत प्रवेश घेतला. १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. केंब्रिज व अमेरिकेत संशोधन करून १९२५ साली ते लुव्हेनला शिकवू लागले.

विश्व प्रसरण पावत असल्याने दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, असे त्यांनी १९२७ साली मांडले. आइन्स्टाइन यांना त्यांचे गणित पटले, पण कल्पना पटली नाही. फादर डगमगले नाहीत. १९३१ साली त्यांनी सुचवले की, हे सारे विश्व एका अतिघन 'आदिअणू'पासून सुरू झाले असावे.

खरी कसोटी पुढेच होती. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात, विश्वाच्या आरंभाविषयीचे हे नवे संशोधन निर्मितीवरील श्रद्धेला दुजोरा देते, अशा आशयाचे विचार मांडले. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. फादर मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त श्रद्धावंताने व नास्तिकाने सारख्याच मोकळेपणाने तपासावा, धर्माचा पुरावा म्हणून त्याचा वापर होऊ नये, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी आदरपूर्वक रोमला कळवले. १९५२ सालच्या भाषणात पोपमहोदयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. पुढे १९६० साली फादर व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

विश्वाच्या आरंभकाळातील किरणोत्सर्ग सापडल्याची वार्ता त्यांना अखेरच्या आजारपणात कळली. २० जून १९६६ रोजी ते देवाघरी गेले. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने विश्वप्रसरणाच्या नियमाला हबल यांच्या जोडीने लमेत्र यांचेही नाव देण्याची शिफारस केली.

विज्ञान शिकणारी आपली मुले कधी कधी प्रश्न विचारतात: बायबल खरे की विज्ञान? त्यांना गप्प बसवू नका. फादर लमेत्र यांची ओळख करून द्या. सकाळी मिस्सा अर्पण करणारे तेच हात फळ्यावर समीकरणे मांडत होते. त्यांच्या श्रद्धेला विज्ञानाची भीती नव्हती आणि विज्ञानाच्या आधाराची गरजही नव्हती.