झेडपी शाळेचा 'विकास आराखडा' आला कुठून? जाणून घ्या जे. पी. नाईक यांच्याविषयी

जळगाव असो की धुळे, झेडपीच्या शाळेत एक कागद दरवेळी तयार होतो: शाळा विकास आराखडा. पुढच्या तीन वर्षांत पट किती राहील, शिक्षक किती लागतील, कोणती खोली बांधावी लागेल, हे त्यात लिहायचे असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा आणि सरकारने निधीचे नियोजन त्यावरून करायचे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुमचे मूल त्या शाळेत असेल, तर तो कागद तुमचाही आहे.

शाळेने आपले ध्येय स्वतः ठरवावे आणि जिल्ह्याने तिला ते गाठायला मदत करावी, हा विचार देशाच्या धोरणात आणणाऱ्यांमध्ये एका मराठी माणसाचे नाव आघाडीवर आहे. ते म्हणजे जयंत पांडुरंग नाईक, अर्थात जे. पी. नाईक.

कोण होते जे. पी. नाईक?

जन्म १९०७ चा. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातले बहिरेवाडी. घरची परिस्थिती बेताची. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात त्यांनी जे. पी. नाईक हे नाव घेतले आणि तेच कायम राहिले.

१९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना अटक झाली आणि बेळ्ळारीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. तिथे निरक्षर कैद्यांना अक्षरओळख करून देणे आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, ही दोन कामे त्यांनी अंगावर घेतली.

सुटकेनंतर ते धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. शाळा, स्वच्छता, आरोग्य या गोष्टी गावाच्या बळावर किती सुधारता येतात, हे त्यांनी तिथे प्रत्यक्ष करून पाहिले. तेव्हा धारवाड आणि खानदेश दोन्ही मुंबई प्रांतात होते. १९२३ च्या कायद्याने या प्रांतातल्या प्राथमिक शाळा जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे गेल्या होत्या. वरून ठरणारे धोरण आणि गावातली शाळा यांच्यात किती अंतर असते, हे नाईक यांनी गावात राहून पाहिले.

पुढे काय केले?

१९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासोबत त्यांनी ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. अनेक वर्षे तो या विषयाचा पायाभूत ग्रंथ मानला गेला. १९४८ मध्ये मुंबईत त्यांनी भारतीय शिक्षण संस्था काढली. ती १९७६ मध्ये पुण्याला हलली. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे करण्यातही व्ही. टी. पाटील यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. पत्नी चित्रा नाईक याही नामवंत शिक्षणतज्ज्ञ. पुढे त्या नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

१९५९ पासून नाईक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार झाले. पद मोठे होते, मानधन मात्र नाममात्र.

कोठारी आयोगात त्यांची भूमिका काय?

१९६४ मध्ये केंद्राने डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. नाईक त्याचे सदस्य सचिव होते. साहजिकच आयोगाच्या कामाचा मोठा भार त्यांच्यावर होता. १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. त्यातल्या या चार सूचना आजच्या झेडपी शाळेशी थेट जोडलेल्या आहेत:

१. प्रत्येक राज्याने, एवढेच नव्हे तर प्रत्येक जिल्ह्याने दीर्घ मुदतीचा शिक्षण आराखडा करावा. १९७५-७६ पर्यंत सर्व मुलांना पाच वर्षांचे आणि १९८५-८६ पर्यंत सात वर्षांचे चांगले शिक्षण मिळावे.

२. जिल्ह्यात शालेय शिक्षणासाठी स्वतंत्र जिल्हा शाळा मंडळ असावे.

३. एका माध्यमिक शाळेभोवती जवळच्या प्राथमिक शाळा जोडून 'शाळा संकुल' करावे. शिक्षकांनी एकमेकांना मदत करावी, साहित्य वाटून वापरावे.

४. प्रत्येक शाळा किमान दर्जापर्यंत न्यावी. नंतर तिला तिच्या कुवतीप्रमाणे सतत वर चढायला मदत करावी आणि दहा वर्षांत किमान १० टक्के शाळा उत्तम दर्जाला पोहोचवाव्यात.

चौथ्या सूचनेत सुधारणेला शेवटची तारीख नाही. शाळेची तुलना शेजारच्या शाळेशी करण्याऐवजी तिच्याच कालच्या स्थितीशी करायची, असा तिचा अर्थ.

चांगला आराखडा म्हणजे काय?

आराखडा म्हणजे मागण्यांची यादी नव्हे, हा नाईक यांचा मुख्य मुद्दा होता. खोल्या, शिक्षक, निधी मागायलाच हवा. पण तो येईपर्यंत हातात आहे त्यातून काय होईल, हे शाळेने आधी ठरवावे. गैरहजेरी कमी करणे, गळती थांबवणे, मागे पडलेल्या मुलांना जादा वेळ देणे, कपाटातली पुस्तके मुलांच्या हातात देणे, या कामांना पैशापेक्षा ठरवून केलेले कष्ट जास्त लागतात. ध्येय गाठता आले नाही तरी चालेल, पण ते खुजे नसावे, असा त्यांचा आग्रह होता.

हे जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहा. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर शाळेपर्यंतची वाट आणि घरची बोली हे प्रश्न आहेत. जळगाव शहरातले प्रश्न वेगळे. साक्री आणि शिरपूरचा आदिवासी पट्टा वेगळा, धुळे शहर वेगळे. कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला कुटुंब गेले की वर्ग रिकामा होतो. मुंबईत ठरलेले एकच उद्दिष्ट या सगळ्यांना कसे पुरणार? म्हणून आराखडा खालून वर जायला हवा.

खानदेशात हा विचार कसा पोहोचला?

१९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. त्यात जिल्हा हेच नियोजनाचे एकक होते आणि निवडीत स्त्री साक्षरतेचे कमी प्रमाण हा महत्त्वाचा निकष होता. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत धुळेही होता. नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होता, १९९८ मध्ये तो वेगळा झाला.

आज दहा-एक शाळांमागे असलेली केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना शाळा संकुलाच्या विचाराच्या जवळची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा संकुलाची सूचना पुन्हा मांडली. ती आधी कोठारी आयोगाने केली होती, हेही त्यात नमूद आहे.

मग अडले कुठे?

१९८५-८६ चे उद्दिष्ट हुकले. स्वतंत्र जिल्हा शाळा मंडळे झाली नाहीत. दहा अधिक दोन अधिक तीन ही रचना देशभर आली, पण गरीब-श्रीमंत मुले एकत्र शिकतील अशी परिसरशाळा कागदावरच राहिली. समानता, दर्जा आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला का जमत नाही, यावर नाईक यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा हिशेबही त्यांनी अखेरच्या काळात मांडला. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतर आले.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. युनेस्कोने जगातल्या निवडक शिक्षण विचारवंतांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यात गांधीजी आणि टागोर यांच्यासोबत नाईकही आहेत.

पालकांनी काय पाहावे?

समितीच्या पुढच्या बैठकीत आराखडा मागा आणि तीन गोष्टी तपासा. गेल्या वर्षी ठरवलेले काय झाले आणि काय राहिले, हे लिहिले आहे का? निधी नसतानाही करता येईल असे एक तरी काम त्यात आहे का? आणि ते काम आपल्याच गावच्या मुलांकडे पाहून ठरवले आहे, की मागच्या वर्षीचा कागद तारीख बदलून पुढे पाठवला आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकोसे असेल, तर त्याच बैठकीत नवा आराखडा लिहायला घ्या. कायद्याने तो अधिकार तुमच्या समितीला दिला आहे.