न निघालेल्या मोटारीचा वारसा

मोटारीचे बॉनेट उघडले, की बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांच्या वर दोन्ही बाजूंना एकेक गोल टोपी दिसते. तिच्याखाली स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा जो खांब उभा असतो, त्याला जगभर ‘मॅकफर्सन स्ट्रट’ म्हणतात. नाव गॅरेजमध्ये रोज घेतले जाते. ज्यांचे ते नाव, ते अर्ल मॅकफर्सन मात्र कुणाला फारसे आठवत नाहीत.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८९१ साली त्यांचा जन्म झाला. तेथीलच विद्यापीठातून १९१५ मध्ये पदवी घेऊन ते डेट्रॉइटला गेले. चाल्मर्स, हप अशा आज नामशेष झालेल्या कंपन्यांत काम केल्यावर १९३४ मध्ये ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. दुसरे महायुद्ध संपत आले असता शेव्हर्लेच्या छोट्या मोटारीची जबाबदारी त्यांच्यावर आली. वजन हजार किलोच्या आसपास, किंमत हजार डॉलरच्या आत, अशी अट होती.

तेव्हाच्या प्रचलित पद्धतीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म लागत. मॅकफर्सन यांनी वरचा आर्मच काढून टाकला. शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीला चाकाचा आधार थेट जोडला, तिच्याभोवती स्प्रिंग बसवली आणि वरचे टोक बॉडीला टेकवले. भाग कमी झाले, खर्च कमी झाला, मधली जागाही मोकळी झाली. अशा कल्पना युरोपात आधी मांडल्या गेल्या होत्या; मोठ्या संख्येने आणि स्वस्तात बनवता येईल असे रूप त्यांना मॅकफर्सन यांनी दिले.

‘कॅडेट’ नावाची ती मोटार मात्र रस्त्यावर आलीच नाही. मोठ्या गाड्यांना तुफान मागणी असताना छोटी गाडी परवडणार नाही, असा हिशेब करून कंपनीने १९४७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. त्याच वर्षी मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. तेथे त्यांच्या स्ट्रटला स्थान मिळाले, पण फ्रान्सच्या व्हेडेटमध्ये आणि १९५० साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या कॉन्सल व झेफरमध्ये. ते पुढे फोर्डचे मुख्य अभियंता झाले, तरी अमेरिकेत बनणाऱ्या फोर्ड गाड्यांना हा स्ट्रट त्यांच्या हयातीत लाभला नाही. १९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६० मध्ये निधन पावले.

भारतात मारुती ८०० ने हा स्ट्रट घरोघरी नेला. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेली टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये बाजारात आली, तीही पुढे याच स्ट्रटवर उभी होती. हजार किलोच्या गाडीसाठी आखलेल्या या रचनेवर आता जमिनीलगतच्या बॅटरीसह सुमारे चौदाशे किलोंची गाडी उभी राहिली. त्यासाठी स्प्रिंग कडक करावी, तर खड्ड्याचा दणका आत पोहोचतो. नरम ठेवावी, तर उंच गाडी वळणावर कलते. शिवाय रस्त्याचा खडखडाट वरच्या टोपीतून सरळ बॉडीत शिरतो. पूर्वी तो इंजिनाच्या आवाजात लपत असे. विजेच्या गाडीत इंजिनच नसल्याने त्या टोपीतल्या रबराचा तुकडाही अभियंत्यांना नव्याने जुळवावा लागतो.