जुन्या देवळाचे फोटो काढणारे जिरो द प्रांजे

जोसेफ फिलिबेर जिरो द प्रांजे यांचा जन्म १८०४ साली फ्रान्स देशात लांग्र गावी झाला. त्यांना जुन्या इमारतींचे फार वेड. १८४२ साली ते ग्रीस देशात गेले. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉन नावाचं पडकं देऊळ आहे, त्याचे त्यांनी फोटो काढले. फोटोची कला तेव्हा तीनच वर्षांची होती. फिल्म नव्हती. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा कॅमेऱ्यात घालायचा, मग पाऱ्याच्या वाफेवर धरला की चित्र उमटे. ही वाफ विषारी असते! तीन वर्षे फिरून त्यांनी असे नऊशेच्या वर फोटो घरी आणले. पण लोकांना फारसे दाखवलेच नाहीत. मला हे पटत नाही. १८९२ साली ते वारले. १९२० नंतर त्यांच्या घरातल्या अडगळीत पेट्या सापडल्या. ग्रीसचे आज उरलेले सगळ्यात जुने फोटो त्यातच निघाले.