लोकविश्वासाचे धनी : ब्लँच ब्रूस

ज्यास स्वतःच्या देहावरही कायद्याने हक्क नव्हता, त्याच्या हाती जनतेने आपल्या करांचा पैसा सोपवावा, याहून मोठा विश्वास तो कोणता? अमेरिकेतील ब्लँच केल्सो ब्रूस यांनी तो संपादन केला. १८४१ साली व्हर्जिनियात ते गुलाम म्हणून जन्मले. यादवी युद्धानंतर मिसिसिपीत स्थायिक होऊन १८७१ साली बोलिव्हार काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, शेरीफ व करवसुली अधिकारी म्हणून ते निवडून आले. १८७५ साली ते सिनेटचे सभासद झाले. मुक्त झालेल्या गुलामांनी पै-पै साठविलेली फ्रीडमन्स बँक १८७४ साली बुडाली होती. तिच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि ठेवीदारांना पैसे परत मिळावेत म्हणून ते झटले. १८८१ साली त्यांची कोषखात्याचे निबंधक म्हणून नेमणूक होऊन राष्ट्राच्या चलनी नोटांवर त्यांची स्वाक्षरी उमटली. १८९८ साली ते निवर्तले.

सार्वजनिक पैशाचे पद मानासाठी मागावयाचे नसते. पै-पैचा हिशेब देण्याची सिद्धता असेल, तरच त्यासाठी उभे राहावे, असा बोध आम्ही या चरित्रातून घेतो. समाजाच्या खजिनदारपदाची आकांक्षा धरणाऱ्या आमच्या तरुण बंधुभगिनींनी त्याचे मनन करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.