जेम्स एडवर्ड चर्च

जेम्स एडवर्ड चर्च (१५ फेब्रुवारी, १८६९:हॉली, मिशिगन, अमेरिका – ५ ऑगस्ट, १९५९:रीनो, नेव्हाडा, अमेरिका) हे लॅटिन भाषेचे प्राध्यापक आणि हिमसर्वेक्षणाच्या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक होते. डोंगरावर साठलेल्या हिमात किती पाणी आहे हे मोजण्याचे सुटसुटीत साधन त्यांनी तयार केले. त्या मोजणीवरून उन्हाळ्यात नदी-तलावांत किती पाणी येईल, याचा अंदाज बांधण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. त्यांना हिमसर्वेक्षणाचे जनक म्हटले जाते. अमेरिकेच्या पूर्व भागातील मेन राज्यात हिमाचे वजन करण्याचे प्रयत्न त्यांच्याआधी झाले होते, हे ध्यानात घेतले तरी या कामाला शास्त्राची शिस्त चर्च यांच्यामुळेच आली.

पूर्वायुष्य

मिशिगन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर १८९२ साली चर्च रीनो येथील नेव्हाडा विद्यापीठात लॅटिन शिकवण्यासाठी आले. पुढे जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाने त्यांना १९०१ साली डॉक्टरेट दिली. तीही अभिजात भाषांच्या अभ्यासासाठी. हवामानशास्त्राचे किंवा अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नव्हते. रोमन कवी वर्गात शिकवायचे आणि सुट्टी लागली की डोंगर गाठायचा, असा त्यांचा क्रम होता.

रीनोच्या नैर्ऋत्येस सुमारे ३,२८५ मीटर उंचीचे माउंट रोझ हे शिखर आहे. हिवाळ्यात त्यावर जाणे त्या काळी वेडेपणाचे समजले जाई. चर्च यांनी १८९५ सालच्या डिसेंबरअखेरीस ते सर केले. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स हंफ्री यांनीही त्यांच्याबरोबर हिवाळ्यात या शिखराची चढाई केली. १९०५ च्या सुमारास चर्च यांनी शिखरावर हवामान वेधशाळा उभारली. उपकरणांच्या नोंदी घेण्यासाठी भर हिवाळ्यात वर जावे लागे. या फेऱ्यांतूनच त्यांचे लक्ष तापमानाकडून हिमाकडे वळले.

हिममापनाची नळी

हिमाची खोली मोजणे सोपे असते, पण तिच्यावरून पाण्याचा अंदाज येत नाही. नुकत्याच पडलेल्या कोरड्या, भुसभुशीत हिमाचा एक फुटाचा थर वितळला, तर इंचभरही पाणी निघत नाही. वसंतातील दबलेल्या, ओलसर हिमाच्या तेवढ्याच थरातून मात्र चार-पाच इंच पाणी निघू शकते. स्कीइंग करणाऱ्यांना हा फरक पायांखाली कळतो. ते कोरड्या हिमाची वाट पाहतात, आणि या भागातील जड, ओल्या हिमाला तर त्यांनी 'सिएरा सिमेंट' असेच नाव दिले आहे. शेतकऱ्याला महत्त्व त्या हिमातील पाण्याचे.

चर्च यांनी १९०८-०९ च्या सुमारास यावर उपाय काढला. एकमेकांना जोडता येणाऱ्या पोलादी नळ्या, टोकाला दाते असलेले पाते आणि एक ताणकाटा, एवढेच ते साधन. नळी फिरवत जमिनीपर्यंत खुपसायची, आत अडकलेल्या हिमासह वर काढायची आणि काट्याला टांगायची. नळीच्या तोंडाचा व्यास सुमारे दीड इंच ठेवलेला असतो. त्यामुळे आतील हिमाचे वजन जितके औंस भरेल, तितके इंच पाणी त्या जागी साठले आहे, असा हिशेब सरळ निघतो. हिम वितळवत बसण्याची किंवा आकडेमोडीची गरजच उरत नाही. पाठीवर साहित्य घेऊन दिवसभर हिमातून चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सोय फार मोठी होती. हे साधन 'माउंट रोझ हिमनमुनायंत्र' या नावाने ओळखले जाते.

टाहो सरोवराचा वाद

माउंट रोझच्या नैर्ऋत्येला कॅलिफोर्निया आणि नेव्हाडा यांच्या सीमेवर टाहो सरोवर आहे. त्यातून निघणारी ट्रकी नदी रीनोवरून वाहत पुढे वाळवंटी प्रदेशात जाते. सरोवराच्या मुखाशी असलेल्या धरणाच्या दारांवरून दोन पक्षांत तीव्र भांडण होते. वीज कंपनी आणि खालच्या भागातील बागायतदार यांना सरोवर शक्य तितके भरलेले हवे होते. काठावरच्या मालमत्ताधारकांची तक्रार अशी की, पाणी अडवून ठेवले आणि वसंतात हिम वितळले की त्यांचे किनारे बुडतात. दारे आधी उघडावीत, तर हिम कमी निघाल्यास उन्हाळ्यात शेते सुकणार. वर डोंगरात पाणी किती आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे केवळ तर्कावर उभे होते.

चर्च यांनी सरोवराभोवतीच्या डोंगरांत ठरावीक ठिकाणी मोजणी सुरू केली. १९१०-११ चा हिवाळा या भागात असाधारण हिमवृष्टीचा होता. मोजणीवरून सरोवराची पातळी किती चढेल याचा अंदाज आधीच बांधता आला आणि त्यानुसार पाणी सोडण्याचे ठरवता आले. वाद यामुळे संपला नाही. पातळीच्या मर्यादा निश्चित करणारा ट्रकी नदी करार १९३५ साली झाला. मात्र भांडणाऱ्यांच्या हाती दोघांनाही मानावा लागेल असा आकडा आला.

अंदाज वर्तवण्याची त्यांची रीतही साधी होती. संपूर्ण पाणलोटातील हिमाचे एकूण पाणी मोजण्याचा हव्यास त्यांनी सोडला. दरवर्षी त्याच जागी मोजायचे आणि सरासरीशी तुलना करायची. हिम सरासरीच्या ७० टक्के असेल, तर प्रवाहही साधारण तेवढाच धरायचा. वसंतातील पाऊस आणि जमिनीची ओल यांमुळे हा अंदाज चुकू शकतो, याची त्यांना जाणीव होती.

जंगलांचा हिमसाठ्यावर होणारा परिणामही त्यांनी तपासला. अतिदाट झाडी हिम फांद्यांवरच अडवते आणि उघड्या माळावरचे हिम वारा उडवून नेतो. म्हणून मधाच्या पोळ्यासारखी, मधूनमधून मोकळ्या जागा असलेली झाडी हिम सर्वांत चांगले राखते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

प्रसार आणि परदेशातील कार्य

कॅलिफोर्नियाने १९२९ साली राज्यव्यापी हिमसर्वेक्षण सुरू केले. १९३४ च्या दुष्काळानंतर अमेरिकी कृषी खात्यानेही पश्चिमेकडील राज्यांसाठी हे काम हाती घेतले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात चर्च मिशिगन विद्यापीठाच्या ग्रीनलंड मोहिमांत सहभागी झाले. तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते.

१९४७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून हिमालयातील हिमसर्वेक्षणाच्या कामासाठी आले. हिमालयातील हिमाचा विचार भारतात नवा नव्हता. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकातच त्याचा संबंध मोसमी पावसाच्या अंदाजाशी जोडला होता. चर्च यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांना त्या हिमातून नद्यांना किती पाणी मिळेल हे हवे होते.

अखेरचा काळ आणि स्मृती

चर्च १९३९ साली विद्यापीठातून निवृत्त झाले. रीनोत १९३१ साली स्थापन झालेल्या कलादालनाच्या संस्थापकांत ते होते. आजचे नेव्हाडा कलासंग्रहालय त्यातूनच वाढले. माउंट रोझच्या एका शिखराला 'चर्च पीक' असे नाव आहे. नेव्हाडा विद्यापीठातील ललित कला इमारतीलाही त्यांचे नाव दिलेले असून, तिच्या कोनशिलेत त्यांच्या व फ्लॉरेन्स यांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत.

आता दुर्गम डोंगरांत हिमाचे वजन स्वयंचलित केंद्रे नोंदवतात. धरणांचे अभियंते, हिमलोटाचा इशारा देणारे तज्ज्ञ आणि स्कीइंगसाठी निघालेले पर्यटक एकाच नोंदी पाहतात. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत मात्र सर्वेक्षक आजही नळी आणि काटा घेऊन हिमात उतरतात.